जिन मार्टिनीत ॲब्सिंथचे थेंब: ऑबिच्युअरी कॉकटेल घरच्या घरी

आपल्याकडे आता घरी मार्टिनी, म्हणजे जिन आणि ड्राय व्हर्मुथचं कॉकटेल, करणारे बरेच झालेत. गोव्यातच चांगली जिन बनते, ड्राय व्हर्मुथ (जडीबुटी घातलेली वाइन) मोठ्या वाइन शॉपमध्ये मिळून जाते. पण त्याच मार्टिनीत जराशी ॲब्सिंथ, म्हणजे वर्मवुड नावाची कडू वनस्पती आणि बडीशेप घालून केलेली कडक दारू, गेली की ती काय होते हे फार थोड्यांनी चाखलंय, आणि ज्यांनी चाखलंय त्यातल्या बऱ्याच जणांना ती कुणीतरी सढळ हाताने ओतून दिलेली असते, मग "खोकल्याचं औषध लागतं" म्हणून ते परत त्या वाटेला जात नाहीत. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण ड्रिंक सुंदर आहे, फक्त माप सांभाळावं लागतं. जिन किंवा व्हर्मुथ थोडी इकडेतिकडे झाली तर चव जरा बदलते एवढंच, पण ॲब्सिंथ चमचाभर जास्त पडली तर बाकी दोघी गायबच होतात. म्हणून खाली मी मापावर जरा जास्तच बोलणारे, समजून घ्या.

या ड्रिंकचं नाव ऑबिच्युअरी, म्हणजे मृत्युलेख. नाव ऐकून दचकू नका. हे अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरातलं. तिथे बर्बन स्ट्रीटवर लफीत्स ब्लॅकस्मिथ शॉप नावाचा बार आहे, इमारत अठराव्या शतकातली, जाँ लफीत नावाच्या समुद्री चाच्याशी तिचं नाव जोडतात, १९४० च्या दशकात तिथे बार होता आणि हे कॉकटेल तिथलंच असं मानलं जातं. शहर मुळात फ्रेंचांनी वसवलेलं त्यामुळे ॲब्सिंथची आवड तिथे जुनीच, पण अमेरिकेत १९१२ ला ॲब्सिंथवर बंदी आली ती थेट २००७ ला उठली. मग मधल्या काळात लोकांनी काय केलं, तर १९३४ मध्ये तिथेच हर्बसेंट नावाची बडीशेपेच्या वासाची दारू निघाली, वर्मवुड न घातलेली, आणि सगळीकडे तीच वापरायला लागले. म्हणजे ऑबिच्युअरी पहिल्यांदा ज्यांनी प्यायलं त्यांच्या ग्लासात खरी ॲब्सिंथ नसणार. ज्यांना ॲब्सिंथची बाटली मिळत नाहीये त्यांनी हे लक्षात ठेवा, पर्याय वापरला तर तुम्ही काही पाप करत नाही आहात.

आणि ते "ॲब्सिंथ प्यायली की भास होतात" वगैरे डोक्यातून काढून टाका. १९०५ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये लानफ्रे नावाच्या माणसाने दारूच्या नशेत बायको आणि दोन मुलींचा खून केला, त्याने त्या दिवशी ढीगभर वाइन आणि बाकी दारू पण ढोसली होती पण खापर फुटलं ते ॲब्सिंथवर, १९१० पासून तिथे बंदी आली, फ्रान्सने १९१५ मध्ये केली. वर्मवुडमध्ये थुजोन नावाचं द्रव्य असतं ते जास्त प्रमाणात विषारी आहे हे खरं, पण आज युरोपात विकल्या जाणाऱ्या ॲब्सिंथमध्ये किलोमागे ३५ मिलिग्रॅमच्या वर ते असू शकत नाही, अमेरिकेत तर १० च्याही खाली लागतं. एवढ्याने भासबिस होत नाहीत. तिची खरी भीती वेगळीच आहे, ती ४५ ते ७० टक्क्यांच्या आसपास अल्कोहोलची असते, म्हणजे आपल्या व्हिस्की-रमपेक्षा कितीतरी कडक. नुसती पिऊ नका.

आता सामान.

एका ग्लासाला जिन ६० मिली, ड्राय व्हर्मुथ १५ मिली, ॲब्सिंथ पाव टीस्पून म्हणजे साधारण सव्वा मिली, आणि लिंबाच्या सालीचा एक तुकडा. बस. जुन्या पद्धतीच्या ऑबिच्युअरीत व्हर्मुथ आणि ॲब्सिंथ दोन्ही साडेसात-साडेसात मिली सांगतात, ते माप चुकीचं नाही पण ते ज्यांना ॲब्सिंथ आधीच आवडते त्यांच्यासाठी आहे. ज्याला फक्त वास हवाय, घोट घेतल्यावर "हे काय आहे बरं" असं वाटायला हवंय, त्याच्यासाठी साडेसात फार होतं. मी व्हर्मुथ वाढवते आणि ॲब्सिंथ कमी करते, कारण व्हर्मुथमुळे जिन आणि बडीशेपेचा वास एकमेकांत मिसळतात, नाहीतर दोन्ही वेगवेगळे लागतात. ड्राय व्हर्मुथ म्हणजे पांढऱ्या वाइनमध्ये जडीबुटी आणि थोडं स्पिरिट घालून केलेली, आणि तिच्यात वर्मवुड घालायची परंपरा आहेच, त्यामुळे ती ॲब्सिंथची तशी नात्यातलीच.

जिन साधी घ्या, ज्युनिपरचा (जिनला तिचा मुख्य वास देणारं फळ) वास पुढे असलेली, बाटलीवर लंडन ड्राय लिहिलेली. आपल्याकडच्यात ग्रेटर दॅन या कामाला मला सगळ्यात बरी वाटते, गोव्यात बनते आणि खिशालाही परवडते. स्ट्रेंजर अँड सन्स पण गोव्याचीच, तिच्यात मसाला आणि लिंबूवर्गाचा वास जास्त, चालते, थोडी वेगळी होते. हपुसा मला स्वतंत्र फार आवडते पण इथे नको, तिचा मातीसारखा वास आणि ॲब्सिंथ यांचं जमत नाही. गुलाबी जिन, स्ट्रॉबेरी जिन हे तर अजिबात नको. एक गोष्ट आपल्या बाजूची आहे, भारतात बाटलीबंद होणाऱ्या बहुतेक दारूत अल्कोहोल ४२.८ टक्के असतं, बाहेर बऱ्याच स्वस्त जिन ३७.५ किंवा ४० वर येतात. बर्फाचं पाणी मिसळल्यावरही चव टिकायला हे वरचे तीन ते पाच टक्के उपयोगी पडतात.

व्हर्मुथ कुठलीही ड्राय घ्या, मार्टिनी नावाच्याच कंपनीची एक्स्ट्रा ड्राय आपल्याकडे सहज दिसते, नॉयली प्रा किंवा डोलिन मिळाली तर उत्तमच. पण ऐका, ती वाइन आहे, उघडली की फ्रिजमध्येच ठेवायची आणि महिना-दीड महिन्यात संपवायची. कपाटात सहा महिने उघडी राहिलेली व्हर्मुथ कितीही महागाच्या जिनची वाट लावते, आणि लोक दोष देतात जिनला किंवा बिचाऱ्या ॲब्सिंथला. मोठी बाटली संपत नसेल तर उरलेली स्वयंपाकात घाला, कोलंबी लसूण-बटरवर परतताना शेवटी दोन चमचे टाकली की छान लागते.

ॲब्सिंथ आपल्याकडच्या दुकानात क्वचित दिसते आणि दिसली तर किंमत बघून माणूस परत फिरतो. परदेशातून येणाऱ्या कुणाला तरी ड्यूटी फ्रीमधून आणायला सांगणं सोपं, येताना माणशी दोन लिटर दारू आणता येते. आणि हिशेब बघा ना, ७०० मिलीच्या बाटलीत सव्वा मिलीप्रमाणे साडेपाचशेच्या वर ड्रिंक होतात, वर्षानुवर्षं पुरेल. म्हणून चार मित्रांनी मिळून एक बाटली घ्यावी आणि काचेच्या छोट्या बाटल्यांत वाटून घ्यावी, बूच घट्ट आणि अंधारात ठेवली तर काही होत नाही. युरोप-अमेरिकेत राहणाऱ्यांनी तर पन्नास मिलीची मिनिएचर शोधावी, आधी चव बघा मग मोठी घ्या.

खरी ॲब्सिंथ आहे का हे तपासायचं असेल तर वाटीत एक चमचा घेऊन त्यात तीन-चार चमचे गार पाणी हळूहळू टाका. दुधासारखं पांढुरकं झालं तर बरोबर. बडीशेपेतलं अनेथोल नावाचं तेल अल्कोहोलमध्ये विरघळतं पण पाण्यात नाही, पाणी वाढलं की ते बारीक थेंब होऊन बाहेर पडतं, त्याने हा रंग येतो. काही बाटल्या नुसत्या भडक हिरव्या रंगाच्या असतात आणि पाणी घातलं तरी ढिम्म काही होत नाही, त्यात बडीशेप नसते किंवा अगदीच नावाला असते, त्या या ड्रिंकला निरुपयोगी.

नसेलच मिळत तर पेर्नो किंवा रिकार या बडीशेपेच्या वासाच्या फ्रेंच दारू चालतील, फक्त त्या गोडसर असतात म्हणून आणखी हात आखडता. दुबई-मस्कतकडे असाल तर लेबनीज अरक मिळते, ती गोड नसते त्यामुळे माझ्या मते पेर्नोपेक्षा बरी. ग्रीक ऊझो चालेल. सांबुका नको, पाकासारखी गोड असते.

आणि यातलं काहीच नसेल तर घरात एक सोय होते. ५० मिली साधी व्होडका काचेच्या बरणीत घ्या, त्यात एक चक्रफूल मोडून आणि अर्धा टीस्पून बडीशेप जराशी ठेचून टाका, झाकण लावा, चार-पाच तासांनी चाखून गाळून घ्या. जास्त वेळ ठेवू नका, चक्रफूल फार लवकर डोक्यावर बसतं. याला ॲब्सिंथ नाही म्हणता येणार कारण वर्मवुडचा कडवटपणा नाही, पण वास बराच जवळ जातो, आणि हे जरा सौम्य असल्यामुळे अर्धा टीस्पूनपर्यंत घालता येतं. मात्र वर्मवुडचं तेल ऑनलाइन मागवून घरी ॲब्सिंथ बनवायच्या भानगडीत कुणीही पडू नका. शुद्ध तेलात थुजोन प्रचंड असतं, पोटात गेलं तर जिवावर बेतू शकतं. वर्मवुडच्या वासाच्या आसपासचं काहीतरी हुंगायचंच असेल तर चैत्रात जोतिबाला वाहतात तो आपला दवणा घ्या, तो त्याच आर्टेमिसिया घराण्यातला, वास जास्त गोड असतो. हुंगायलाच फक्त, ग्लासात नको.

आता थंडी. मापानंतर दुसरी महत्त्वाची गोष्ट हीच, आणि आपल्या हवेत तर फारच. मुंबईत मे महिन्यात ओटा सुद्धा गरम असतो, बर्फ बाहेर काढला की लगेच सुटायला लागतो. तर ग्लास किमान अर्धा तास आधी फ्रीजरमध्ये ठेवा. ग्लास छोटा हवा, १२० ते १५० मिलीचा, दांडीवाला असेल तर हाताची ऊब लागत नाही. तो मोठ्ठा त्रिकोणी मार्टिनी ग्लास असतो ना, तो शोभेला ठीक, पण त्यात शंभर मिली ड्रिंक तळाशी दिसतं आणि मग माणूस भरायच्या नादात डबल करतो. जिन फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवली तरी पुरे, फ्रीजरमध्ये ठेवू नका, कारण जिन फार गार असेल तर बर्फ वितळत नाही आणि ड्रिंकला पाणीच मिळत नाही. हो, पाणी लागतं. ढवळताना वितळलेला बर्फ हा या ड्रिंकचा चौथा घटक आहे, शेवटी ग्लासात जे येतं त्यात पाचवा हिस्सा ते पाणीच असतं, तेवढं नसेल तर नुसती जळजळ.

बर्फ मोठ्या चौकोनी साच्यातला, फिल्टरच्या पाण्याचा, आणि मुख्य म्हणजे वास न लागलेला. आपल्या फ्रीजरमध्ये मटार, कोलंबी, ओलं खोबरं, वाटण असं सगळं सुखाने नांदत असतं आणि बर्फ ते सगळे वास शोषून घेतो, मसालेभातात कळणार नाही पण या ड्रिंकमध्ये लगेच कळतं. म्हणून बर्फ जमला की ट्रेमधून काढून झाकणाच्या डब्यात भरून ठेवा. बाजारातला लादीचा बर्फ नको, तो प्यायच्या पाण्याचा असेलच असं नाही.

हत्यारं काही विकत आणायची गरज नाही. पेग मेजर घरात असतोच, ३० आणि ६० चा. छोट्या मापाला खोकल्याच्या किंवा लहान मुलांच्या औषधाबरोबर जो मापाचा कप येतो तो घ्या, त्यावर अडीच आणि पाच मिलीच्या खुणा असतात, नीट धुऊन वाळवून. सव्वा मिलीसाठी मापाच्या चमच्यांच्या सेटमधला पाव टीस्पून, किंवा ड्रॉपर. ढवळायला काचेचा मोठा ग्लास किंवा बरणी आणि लांब दांड्याचा चमचा. गाळायला चहाची गाळणी चालेल पण नवीन, चहा गाळलेली नको, त्याचा वास जात नाही.

ढवळायच्या ग्लासात आधी ॲब्सिंथ टाका, मग व्हर्मुथ, मग जिन. आधी ॲब्सिंथ यासाठी की माप चुकलं तर सव्वा मिलीच फेकावी लागते, साठ मिली जिन नाही. मग बर्फ, चांगला दोन तृतीयांश ग्लास भरून, कंजुषी नको, कमी बर्फ घेतला तर तो जास्त वितळतो आणि थंड मात्र कमी करतो. चमचा ग्लासाच्या कडेने फिरवत राहा, आवाज न करता, आपटायचं नाही. तीस ते चाळीस सेकंद. उन्हाळ्यात बर्फ आधीच ओला असेल तर पंचवीस सेकंदातच चाखून बघा. शेक करायचं नाही, शेकरमध्ये हवा आणि बर्फाचा चुरा मिसळतो, लिंबाचा रस असलेल्या ड्रिंकला ते हवं असतं, इथे गुळगुळीत घोट हवा असतो. फ्रीजरमधून ग्लास काढा, गाळा, लगेच.

मग साल. आपलं कागदी लिंबू छोटं आणि पातळ सालीचं, त्याची रुंद पट्टी निघत नाही, तरी सोलाण्याने हिरवा-पिवळा भागच काढा, आतला पांढरा कडू असतो. पिवळं मोठं लेमन मिळालं तर तेच घ्या. सालीची बाहेरची बाजू ड्रिंककडे करून दोन्ही हातांनी जराशी मुडपा, तेलाचे बारीक तुषार वर पडताना उजेडात दिसतात. ग्लासाच्या कडेला एकदा फिरवा आणि मग साल बाजूला ठेवा, आत टाकू नका, हळूहळू कडवट होतं. ऑलिव्ह घालणारे आहेत, मला ते खारट पाणी ॲब्सिंथबरोबर बिलकुल पटत नाही.

ड्रिंक किंचित धुरकट दिसलं तर घाबरू नका, तेच अनेथोल, थंडी आणि पाणी लागलं की थोडं बाहेर येतं. ॲब्सिंथ जास्त तितकं धुरकट, त्यामुळे नजरेनेही माप कळतं.

आता स्वतःचं माप कसं शोधायचं. पहिल्यांदा करताय आणि बडीशेपेची चव आवडेल का याची खात्री नसेल तर ढवळताना ॲब्सिंथ घालूच नका. त्याऐवजी गार ग्लासात चार-पाच थेंब टाका, ग्लास आडवा करून सगळीकडे फिरवा, उरलेली ओतून टाका आणि वरून जिन-व्हर्मुथ गाळा. न्यू ऑर्लिन्सचं जे सॅझरॅक आहे, २००८ पासून त्या शहराचं अधिकृत कॉकटेल, त्यात हर्बसेंट किंवा ॲब्सिंथ अशीच फिरवतात. याने वास नाकाला येतो, जिभेला फारसा नाही. पुढच्या वेळी पाव चमचा. मग अर्धा. त्यापुढे जायचं असेल तर साडेसात मिलीच्या जुन्या मापावर बिनधास्त जा, पण पायरी पायरीने. एका बैठकीत सगळी मापं करून बघायची नाहीत, आणि याचं कारण सरळ आहे. वरच्या मापाच्या एका ग्लासात साधारण २९ मिली शुद्ध अल्कोहोल असतं, ४२.८ टक्क्यांच्या ३० मिली स्मॉल पेगमध्ये तेरा मिलीसुद्धा नसतं. म्हणजे हा एवढासा ग्लास सव्वादोन स्मॉलच्या बरोबर आहे, आणि थंड असल्यामुळे ते कळत नाही. एक पुरे, फार तर दोन, पोटात काहीतरी असताना, आणि त्यानंतर गाडीची किल्ली दुसऱ्याकडे. महाराष्ट्रात यासाठी वय २५ आणि परमिट लागतं, गोव्यात २१.

पोटात काहीतरी म्हणजे काय तर तिखट नको, झणझणीत चखण्यासमोर ॲब्सिंथचा वास टिकतच नाही. खारे काजू, उकडलेली कोलंबी वर लिंबू पिळून, साधे तळलेले बोंबील. बडीशेपेच्या वासाचं आणि माशांचं फार छान जमतं, न्यू ऑर्लिन्समध्येही कालवं भाजताना हर्बसेंट घालतात.

हे आवडलं तर याचंच एक भावंड आहे टक्सीडो नंबर टू, नाव न्यू यॉर्कजवळच्या टक्सीडो पार्कच्या क्लबवरून आलंय. त्यात जिन ६०, व्हर्मुथ १५, मारास्किनो नावाची चेरीची लिकर एक टीस्पून, ऑरेंज बिटर्सचे (संत्र्याच्या सालीचा कडू अर्क) दोन शिंतोडे आणि ॲब्सिंथ तशीच ग्लासात फिरवलेली. ऑरेंज बिटर्स नसतील तर आपल्या नागपुरी संत्र्याची ताजी साल वर मुडपा, तिच्यात तेल भरपूर असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये मृग बहाराची संत्री येतात तेव्हा ऑबिच्युअरीवर पण लिंबाऐवजी हीच साल करून बघा, मला तर ती जास्त आवडते.

चार जण येणार असतील तर प्रत्येकाला ढवळत बसू नका. २४० मिली जिन, ६० व्हर्मुथ, एक टीस्पून ॲब्सिंथ आणि ६० मिली प्यायचं पाणी एका स्वच्छ बाटलीत भरून दोन-तीन तास फ्रीजरमध्ये ठेवा. बर्फ वापरायचा नाही म्हणून पाणी आधीच घालायचं, ते विसरलात तर पाहुण्यांना नुसती गार जिन मिळेल. रात्रभर ठेवू नका, एवढ्या पाण्यात बर्फाचे कण धरायला लागतात. काढल्यावर बाटली पांढुरकी दिसेल, ती एकदा उलटीसुलटी करा, गार ग्लासांत ओता आणि साल मात्र प्रत्येक ग्लासावर वेगळी, ओतल्यानंतरच मुडपा.